डबा बदलण्याआधी माप बघा

वरच्या दुधावरचं बाळ बाळसं धरत नसेल तर 'दुसऱ्या कंपनीची पावडर देऊन बघा' हा एका लेखात वाचलेला सल्ला पटला नाही. मी आहारतज्ज्ञ आहे. अशा वेळी मी आधी आईला माझ्यासमोर बाटली बनवायला सांगते. बऱ्याच डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं (आपल्या डब्यावरचं वाचाच, चमचे सारखे नसतात). नीट बनवलेल्या १०० मिली दुधात साधारण ६७ कॅलरी असतात. डबा महाग, म्हणून तोच चमचा ६० मिलीत घातला की त्या निम्म्यावर येतात. पोट भरतं, वजन हलत नाही.

माप बरोबर असेल तर दिवसभरात किती जातं ते बघायचं. लहान बाळाला किलोमागे सुमारे १५० मिली, म्हणजे पाच किलोच्या बाळाला ७५० मिलीच्या आसपास. तेही जात असूनही वजन अडलं, तर जास्त ऊर्जेचं दूध हा खरा पर्याय. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. घरच्या घरी शीग लावून चमचे घालू नका, घट्ट दुधाने मूत्रपिंडांवर ताण येतो आणि शरीरातलं पाणी कमी पडू शकतं. शी मध्ये रक्त, सतत उलट्या असतील तर गाईच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी तपासावी लागते. तिथे पावडरचा प्रकारच बदलतो, नुसती कंपनी बदलून भागत नाही.

आणि आजीबाईंनो, चार महिन्यांच्या बाळाच्या बाटलीत नाचणीचं सत्त्व नको!