खाजकुयलीचा जॅम

आम्ही राहतो जर्मनीत, न्यूरेंबर्गजवळ. इथे कार्निव्हलच्या दिवसात क्राफन मिळतात, म्हणजे पोटात जॅम भरलेले तळलेले गोळे, आणि या फ्रांकेन भागात तो जॅम रानगुलाबाच्या फळांचा असतो, त्याला म्हणतात हिफेनमार्क. एकदा खाल्ला आणि डोक्यात किडा शिरला, फळं फुकट आहेत तर घरीच करू की.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, जर्मनमधे या फळाला हागेबुट्ट म्हणतात. "शी! काय नाव ते. आणि गुलाबाला कधीपासून फळं धरायला लागली?" तिचंही बरोबर आहे म्हणा, आमच्या कुंडीतलं फूल उमललं रे उमललं की थेट देवाला, फळ धरायला वेळ कोण देतंय.

थंडीचा कडाका बसला की फळ मऊ पडतं म्हणून नोव्हेंबरात बांधावर गेलो. काटे अगदी बोरीसारखे, उलटे वळलेले, हात आत आरामात जातो, बाहेर येताना जॅकेटची बाही तिथेच राहते. दोन तासात कसंबसं दीड किलो.

फळ चिरलं की आत गच्च बिया आणि त्यांच्याभोवती बारीक लव. ती लव म्हणजे चक्क खाजकुयली, इथली पोरं एकमेकांच्या कॉलरमधे टाकतात. हे शेजारच्या आजींनी सांगितलं, पण कधी, तर मी तासभर चमच्याने बिया कोरून आधी मान, मग पाठ, मग जिथे चारचौघात खाजवता येत नाही तिथे खाजवून झाल्यावर. बायको आधीच म्हणाली होती ग्लोव्ज घाल, पण मिरच्या चिरताना कोण घालतं?

आजी म्हणाल्या, कोरता कशाला, अख्खी उकडा, हँडल फिरवायच्या चाळणीतून काढा आणि मग गर बारीक कापडातून गाळा. तसली वस्तू घरात एकच, पुण्याहून आणलेलं पुरणयंत्र.

"हात तर लावून बघ," बायको म्हणाली.

लावला. हँडल फिरवता फिरवता तिला ऐकवत होतो की यात संत्र्याहून कितीतरी जास्त सी व्हिटॅमिन असतं, युद्धात संत्री मिळेनात तेव्हा १९४१ पासून ब्रिटनमधे पोरांना रानात पाठवून ही फळं गोळा करायचे, सरकारी योजनाच होती, त्याचं सिरप बाळांना द्यायचे. ती ऐकत नव्हती, यंत्राकडे बघत होती.

शेवटी जॅम झाला दोन छोट्या बाटल्या. यंत्र चारदा घासलं, उकळत्या पाण्यात बुडवलं. होळीला पुरणपोळी केली तर पहिली माझ्या ताटात पडली, तुपासकट.

"तू खा आधी. मी दहा मिनिटं थांबते."