तीस दिवसांत ईआरपी? त्या मेसेजमधला एकेक दावा

लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ईआरपी (खरेदी, स्टॉक, उत्पादन, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) 30 दिवसांत सुरू होतं, कस्टमायझेशन करू नका, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा एक्सेलमध्ये काढून चढवला की झालं, स्टॉक मोजत बसू नका, सिस्टिम तो आपोआप जुळवते, वेग हवा असेल तर एडिट लॉग, म्हणजे एंट्रीत कोणी काय बदललं याची नोंद, बंद ठेवा, सगळं क्लाउडवर असतं, बॅकअपची चिंता नाही, आणि स्टोअरचा माणूस कमी करता येतो. परवा भाच्याने तो मला पाठवून विचारलं, "मामा, एक तारखेपासून सुरू करू का?" त्याचं भोसरीत मशीनिंगचं युनिट आहे. उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितोय.

सगळ्यात घातक ओळ स्टॉकची. कुठलीही सिस्टिम रॅकमध्ये डोकावून बघत नाही. आपण दिलेल्या आकड्यात ती आवक मिळवते आणि त्यातून जावक वजा करते, बस. सुरुवातीचा आकडा चुकला तर तो चुकलेलाच राहतो. फरक एवढाच की आता त्याच्या भरवशावर खरेदी होते. शिवाय बऱ्याच युनिटांत टॅलीतला स्टॉक वर्षअखेरीस सीएला देण्यापुरता, रुपयांत असतो. आयटमवार नसतोच. मग चढवणार काय?

एक साधा नग घेऊ. 40 मिमी व्यासाचा ईएन8 जातीच्या स्टीलचा राउंड बार, नगाची लांबी 60 मिमी. बारचं वजन मीटरला साधारण 9.86 किलो, म्हणजे नगाचं वजन 592 ग्रॅम. एक्सेलमधून बीओएम, म्हणजे एका नगाला किती माल लागतो त्याची यादी, चढवणारा हाच आकडा टाकतो. पण कापायची करवत (बँडसॉ) प्रत्येक कापाला 3 मिमी खाते आणि 6 मीटरच्या बारमागे पकडीचा 100 मिमी तुकडा उरतो. मग बारमधून निघतात 93 नग, आणि नगामागे खरा खप पडतो 636 ग्रॅम. फरक 44 ग्रॅमचा. 10,000 नगांमागे 440 किलो स्टील सिस्टिममध्ये शिल्लक दिसतं आणि रॅकमध्ये नसतं. सिस्टिम खरेदीची मागणी काढत नाही, कारण तिच्या हिशेबाने माल आहे. मालाअभावी मशीन थांबल्यावरच हे कळतं.

आयटम मास्टरचं, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या कोडवार यादीचंही तेच. '6205 झेडझेड', 'बीआरजी 6205झेडझेड' आणि 'बेअरिंग 6205' ही एकाच बेअरिंगची तीन नावं. जशीच्या तशी चढवली तर तीन कोड होतात, एका कोडावर 40 नग पडून राहतात आणि दुसऱ्यावर तातडीची पीओ (खरेदीची ऑर्डर) निघते. ही साफसफाई व्हेंडरचा, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा, माणूस करू शकत नाही. ती स्टोअर आणि खरेदीवाल्यांनी एकत्र बसून, ओळीओळीने करायची असते.

मोजणी अशी करा. शनिवारी शेवटची शिफ्ट संपली की आवक, जावक आणि इश्यू (स्टोअरमधून मशीनला माल देणं) बंद. शेवटचा जीआरएन (माल आल्याची पावती), शेवटचं इन्व्हॉइस आणि शेवटचं जॉबवर्क चलन (बाहेर काम करून घ्यायला माल पाठवल्याचा कागद) यांचे नंबर कागदावर लिहून सही घ्या. हा कटऑफ चुकला तर तोच माल दोनदा धरला जातो किंवा एकदाही नाही. दोघादोघांच्या जोड्या करा, एकाने मोजायचं, दुसऱ्याने टॅगवर लिहायचं. जुना आकडा हातात द्यायचा नाही, नाहीतर तोच उतरवला जातो. महागड्या आयटमांची दुसऱ्या जोडीकडून फेरमोजणी घ्या. लाइनवरचा अर्धवट माल कोणत्या ऑपरेशनपर्यंत आलाय ते टॅगवर हवंच. प्लेटिंगला आणि हीट ट्रीटमेंटला गेलेला माल विसरू नका. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरलं जातं. म्हणून ती उघडी चलनं मूळ तारखेनिशी चढवायची, आजच्या तारखेने नाही.

हे छोट्यांचंच दुखणं नाही. अमेरिकेतल्या हर्शे या चॉकलेट कंपनीने 48 महिन्यांचं सांगितलेलं काम 30 महिन्यांत उरकायचं ठरवलं आणि 1999च्या जुलैमध्ये, हॅलोविनच्या ऑर्डरी येत असताना, एसएपी या ईआरपीसह तीन प्रणाली एकदम सुरू केल्या. सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुरवता आल्या नाहीत, तिमाही नफा 19 टक्क्यांनी घसरला. माल तयार होता. पण गर्दीच्या हंगामात तो जिथे जागा मिळेल तिथे ठेवायची रीत होती आणि त्या जागा नव्या प्रणालीत नोंदलेल्याच नव्हत्या. एवढी मोठी कंपनी न मोजता वाचली नाही, तर 'आपोआप जुळतं' हे कोणाच्या जोरावर सांगताय?

30 दिवसांचा दावाही इथेच पडतो. लॉगिन 30 दिवसांत मिळतं, हे खरं. पण मास्टर साफ करणं, बीओएम प्रत्यक्ष खपाशी ताडून बघणं, मग गेल्या महिन्याचे खरे कागद घेऊन पीओ ते पेमेंट, ऑर्डर ते इन्व्हॉइस आणि जॉबवर्क ये-जा अशा निदान दोन पूर्ण चाचण्या, हे 40-50 माणसांच्या युनिटला चार ते सहा महिने घेतं. नव्या आर्थिक वर्षाच्या 1 एप्रिलचाही हट्ट नको. 30 जूनचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि बिलवार येणी-देणी घेऊन 1 जुलैला सुरू करता येतं. इन्व्हॉइसची नवी सीरीज वर्षाच्या मध्ये चालते. नंबर सलग, त्या वर्षात पुन्हा न येणारा आणि 16 अक्षरांच्या आत असला म्हणजे झालं.

एडिट लॉग बंद ठेवा हा सल्ला तर कायदा मोडायचा सल्ला आहे. कंपनी (लेखा) नियम 2014 मधल्या नियम 3 प्रमाणे 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहायलाच हवी आणि ती बंद करता येता कामा नये. प्रायव्हेट लिमिटेडही यात आली. लॉग वर्षभर चालू होता का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. कंपनी कायद्याच्या कलम 128 खाली दंड 50,000 ते 5 लाख रुपये, आणि तो जबाबदार संचालकावर, मेसेज पाठवणाऱ्यावर नाही. भागीदारी आणि प्रोप्रायटरी फर्मना हा नियम लागू नाही, पण म्हणून त्यांनी लॉग बंद करावा असंही नाही. बिलाचा दर कोणी बदलला हे शोधायची वेळ त्यांच्यावरही येते.

एक गोष्ट मेसेजमध्ये अर्धी बरोबर आहे, ती नाइलाजाने का होईना मान्य करतो: 'कस्टमायझेशन करू नका.' जुन्या रजिस्टरसारखीच स्क्रीन हवी म्हणून पैसे घालवणं चूकच. पण जॉबवर्क चलन, ग्राहकाचं डिलिव्हरी शेड्यूल आणि ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) यात कामच अडत असेल, तर बदल करून घ्यावाच लागतो. उलाढाल 5 कोटींवर असेल तर ई-इन्व्हॉइस टळत नाही.

क्लाउडचं थोडक्यात. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर ठेवायची जबाबदारी कंपनीची आहे. व्हेंडरकडून तसं लेखी घ्या आणि करार संपल्यावर पूर्ण डेटा कोणत्या स्वरूपात मिळेल हेही त्यातच लिहून घ्या.

राहिला स्टोअरचा माणूस. त्याला काढलंत तर सहा महिन्यांत आकडे पुन्हा भरकटतील. मशीनला माल लगेच हवा असतो, मग जीआरएन संध्याकाळी होतो आणि माल सकाळीच इश्यू होतो. स्टॉक उणे दिसतो, त्यावर सरासरी दर काढला की किलोमागचे भाव वेडेवाकडे येतात. 'उणे स्टॉक चालेल' ही सेटिंग पहिल्या दिवसापासून बंद ठेवा, जीआरएन गेटवरच करा, आणि त्याच माणसाकडून रोज दहा आयटम मोजून घ्या, महागडे आधी. फरक आला की नुसती ॲडजस्टमेंट एंट्री टाकू देऊ नका. बीओएम चुकला, चलन राहिलं की कोडच दुसरा लागला, ते कारण त्याच दिवशी लिहून घ्या.