पाहुण्यांची वाहिनी

ठाण्याच्या माझ्या वर्गमैत्रिणीने परवा शाळेच्या ग्रुपवर लिहिलं, "तैवान बघा. परदेशी लोकांसाठी अख्खं इंग्रजी रेडिओ स्टेशन चालवतात. आणि आपण? समोरचा मराठीत बोलला नाही की हातघाईवर येतो." मी तैवानमध्येच राहते, रेडिओची गोष्ट तिला मीच सांगितली होती. मागच्या तायफूनच्या सुट्टीत आम्ही फोनवर बोलत होतो, तेव्हा मागे चालू असलेला आवाज ऐकून तिने विचारलं आणि मी कौतुकाने सांगत बसले. ते कौतुक माझ्याच भाषेविरुद्ध वापरलेलं पाहून जिवाला लागलं. हाणामारी मलाही मान्य नाही. पण तिने दिलेला दाखला चुकीचा आहे आणि तो माझ्या नावावर खपतोय.

ते स्टेशन म्हणजे आयसीआरटी, इंटरनॅशनल कम्युनिटी रेडिओ तैपेई. ते कुणाच्या उदारपणातून निघालेलं नाही. १ जानेवारी १९७९ ला अमेरिकेने तैपेईशी संबंध तोडून बीजिंगला मान्यता दिली. अमेरिकी सैन्य निघालं, त्यांचं रेडिओ केंद्र बंद होणार हे ठरलं. सैन्यामागोमाग परदेशी व्यापारीही गाशा गुंडाळतील ही धास्ती होती. म्हणून सरकार आणि इथले अमेरिकी उद्योजक यांनी मिळून १६ एप्रिल १९७९ ला त्या जागी आयसीआरटी उभं केलं. (त्याच तारखेला, २०२५ साली, आपल्याकडे पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि २९ जूनला मागे घ्यावा लागला. तेव्हाही हीच मैत्रीण म्हणत होती, एक भाषा जास्त आली तर बिघडलं काय?)

इंग्रजीला इथे जागा आहे ती एवढीच, या स्टेशनच्या एफएम १००.७ वर. काटा जरा सरकवला की सगळं त्यांचं. बँकेत, दवाखान्यात, पोस्टात मी तोंड उघडलं म्हणून कुणी आपली भाषा बदलत नाही. आवाज चढवत नाहीत, हसून कागद पुढे करतात, पण भाषा त्यांचीच राहते. मुंबईत खासगी एफएमचा काटा फिरवून पाहा, हिंदी गाण्यामागून हिंदी गाणं. आमची आजी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावायची, तेव्हा वाटायचं की हे म्हाताऱ्यांचं असतं. आपल्याच शहरात आपली भाषा पाहुण्यासारखी एका कोपऱ्यात बसलेली होती आणि ते मला कधी खटकलं नाही. ठाण्यात रिक्षावाल्याशी मी स्वतः हिंदीत सुरू व्हायचे.

आणि 'परदेशी' म्हटलं की मैत्रिणीच्या डोळ्यांसमोर कोण येतं? रविवारी जोंगली स्टेशनबाहेर उभं राहिलं की व्हिएतनामी, थाई, इंडोनेशियन, फिलिपिनो कामगारांची नुसती गर्दी असते. इथले खरे परदेशी ते. इंग्रजी स्टेशन ऐकतात ते माझ्यासारखे कंपनीतले लोक, आणि आमच्यापेक्षा जास्त इंग्रजी शिकणारी इथलीच मुलं. समोरच्या घरातला नातू शाळेत जाण्याआधी त्याच स्टेशनच्या मुलांसाठीच्या बातम्या ऐकतो. सरकारने २०१८ मध्ये ठरवलं, २०३० पर्यंत देश द्विभाषिक करायचा. म्हणजे मँडरिन आणि इंग्रजी. त्या नातवाची आजी बोलते हाक्का, इथल्या हाक्का लोकांची वेगळीच भाषा.

हे घर माझ्या समोरच आहे म्हणून जवळून दिसतं. आपो, म्हणजे ती आजी, मुलीशी हाक्कात बोलते, नातवाशी मोडक्या मँडरिनमध्ये. तिच्या मुलीच्या पिढीला शाळेत घरची भाषा बोललं की दंड व्हायचा. १९७६ च्या कायद्याने रेडिओ-टीव्हीवरही या भाषांना चाप लावला. 'आमची मातृभाषा परत द्या' म्हणत हाक्का लोक २८ डिसेंबर १९८८ ला तैपेईत रस्त्यावर उतरले. त्यांचं स्वतःचं टीव्ही चॅनल यायला २००३ उजाडलं. तोवर कितीतरी घरांत नातवंडांची जीभ वळायची राहून गेली. मैत्रिणीला दाखला द्यायचाच असेल तर हा द्यावा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहायला घेतलं होतं. पण पाठवलं नाही.

संध्याकाळी कचऱ्याची गाडी वाजत आली. पिशव्या घेऊन आम्ही सगळे खाली. आपो व्हीलचेअरमध्ये, मागे तिला सांभाळणारी, इंडोनेशियातल्या जावा बेटावरून आलेली मुलगी. आपोने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्या मुलीने तिला हाक्कात झरझर उत्तर दिलं, दोघी हसल्या, मग मँडरिनमध्ये मला सांगितलं, "आपो विचारते, तू इथे किती वर्षं आहेस? मी म्हटलं, अकरा."

ती मुलगी चार वर्षांपूर्वी आली. तिच्यासाठी कुणी स्टेशन काढलं नाही, क्लास लावला नाही. म्हातारीला रात्री पाणी लागतं, औषध लागतं, म्हणून ती शिकली. मी अकरा वर्षं १००.७ लावून बसले. माझी मँडरिन बाजारापुरती आहे, हाक्काचा एक शब्द येत नव्हता. मुंबईत वीस वर्षं राहून 'मराठी समजतं, बोलता येत नाही' म्हणणाऱ्यांवर मी ग्रुपवर किती तावातावाने लिहिलंय. इथे मी तीच आहे.

त्यामुळे मैत्रिणीचं म्हणणं खरं ठरत नाही. पण तिला उत्तर देताना आता माझा हात अडखळतो.

आता संध्याकाळी रेडिओ बंद करून दहा मिनिटं खाली जाते. आपो रोज तेच विचारते, "सिट पाउ मांग?" जेवलीस का? आमच्या चाळीतही संध्याकाळी बायका एकमेकींना हेच विचारायच्या. प्रश्न मला आता लगेच कळतो. उत्तर अजून मँडरिनमध्येच देते.