बॅकअपचं सुतक

“आंटी, बैकअप नहीं लिया था क्या?”

परवा इंदुरात, आर.एन.टी. मार्गावरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, भर गर्दीत, एका पोरानं मला हे विचारलं. त्याच्या हातात माझी पोर्टेबल हार्ड डिस्क होती आणि आवाजात एवढी कणव, की शेजारी माऊस निवडत उभी असलेली माणसं हातातले माऊस ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

“यही बैकअप है,” मी म्हटलं.

“तो ओरिजिनल?”

“घर पे. लैपटॉप में. सब ठीक है.”

“मतलब डेटा गया नहीं?”

“नहीं.”

“तो फिर टेंशन किस बात का, आंटी!” असं म्हणून तो हसला. लोकांनी पुन्हा माऊस उचलले. माझ्यातली गंमतच संपली.

दुखणं आहे ते हेच. फोटो गेले असते तर शेजारणी विचारपूस करायला आल्या असत्या, बहिणीनं फोनवर हळहळ केली असती, घरात मला कुणी निदान चहा तरी करून दिला असता. पण बॅकअप मेलं तर त्याचं सुतक कुणालाच लागत नाही. मला लागतं, कारण ते घेतलेलं मी आहे. आईची पत्रं एकेक करून स्कॅन केली ती मी. मामांच्या एकसष्टीचे व्हिडिओ, ज्यांत केटररच्या पाठीखेरीज काहीही नीट दिसत नाही, तेसुद्धा तारखेवार लावून ठेवले ते मीच.

आणि बॅकअप घ्यायचं म्हणजे काय, हे ज्यांनी घेतलं नाही त्यांना कळायचं नाही. कॉपी चालू असेपर्यंत ती डिस्क आमच्याकडे सोवळ्यात असते. टेबलाला हात लावायचा नाही, पंखा वाढवायचा नाही, तिच्याजवळून पदर सांभाळून जायचं. केबल जेमतेम दीड वीत लांबीची. तिचं डिस्कमध्ये जाणारं टोक रुंद, चपटं आणि मधे खाच असलेलं, आणि त्याला कुणी जोरात शिंकलेलंही खपत नाही. शिंक आली की खण्णकन आवाज होतो, डिस्क गायब, आणि कॉपी कुठपर्यंत झाली होती ते देवालाही माहीत नाही. पडद्यावरचं ते वेळ सांगणारं यंत्र तर राजकारणात जायचं ते चुकून इकडे आलं असावं. आधी सांगतं दोन तास. मग बारा मिनिटं. मी भात लावून येते तोवर झालेला असतो एक दिवस. व्हिडिओसारखी मोठी फाइल असली की गाडी धावते, आणि पत्रांच्या हजारो बारक्या फाइली आल्या की तीच गाडी रांगायला लागते, असं त्यामागचं कारण आहे. कारण कळल्यानं राग कमी होतो असं मात्र नाही.

सगळं झालं की डिस्क ‘सुरक्षितपणे काढायची’. त्यावर उत्तर येतं की हे उपकरण सध्या वापरात आहे, जे प्रोग्रॅम ते वापरत असतील ते बंद करा. कोण वापरतंय? मी सगळं बंद केलंय. घरात दुसरं कुणी जागं नाही. पाठीमागे कुठेतरी अँटिव्हायरस किंवा असलाच कुणीतरी त्या फाइली चाळत बसलेला असतो म्हणे, पण तो आपलं नाव सांगत नाही. मग लॅपटॉपच बंद करायचा, दिवा विझेपर्यंत वाट पाहायची आणि मगच ती केबल उपटायची. रात्री एकला. हे मी इमानेइतबारे केलेलं आहे.

मुळात ही वस्तू ‘पोर्टेबल’ कुणाच्या डोक्यातून निघाली? आत एक तबकडी मिनिटाला 5400 वेळा फिरते आणि वाचणारं डोकं तिच्यावर काही नॅनोमीटरच्या अंतरावर तरंगत असतं. आपला एक केस 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. म्हणजे चालू असताना जिला धक्का लागता कामा नये, अशी वस्तू त्यांनी मुद्दाम पर्समध्ये मावेल एवढी आणि गुळगुळीत केली. आयबीएमनं 1956 साली पहिली डिस्क काढली तेव्हा तिच्यात चोवीस इंचांच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होतं सुमारे पाच एमबी. आजच्या मोबाईलचा एखादा फोटो. पण मांजरानं ती टेबलावरून पाडली असं कधी झालं नसणार. आमच्याकडे मांजर नाही, आणि डिस्क पडलेलीही नाही. ती जागच्या जागी, सोवळ्यात असतानाच, टिक-टिक करायला लागली.

तर दुकानात.

पोरानं डिस्क काउंटरवरच्या कॉम्प्युटरला लावली होती आणि ती टिक-टिक करत होती. तेवढ्यात माझ्या डाव्या बाजूनं आवाज आला, “मराठी ना तुम्ही?”

तपकिरी सफारीतले काका. सत्तरीच्या पुढचे. नातवानं नवी गाडी घेतलीय, तिच्यात लावायला पेन ड्राइव्हवर नाट्यसंगीत भरून घ्यायला आले होते आणि ते भरत होतं, त्यामुळे त्यांना वेळच वेळ होता. मी मराठी आहे, असं कबूल केलं.

“कुठं राहता? रामबाग?”

“राजेंद्रनगर.”

“आडनाव?”

आडनाव सांगितलं. त्यांनी त्या आडनावाची राजेंद्रनगरमधली दोन आणि सुदामानगरमधलं एक अशी घरं काढली. आम्ही त्यांतले कुणीच नव्हतो. काकांना ते पटलं नाही. “असं कसं? सासरे बँकेत होते ना?” नव्हते. इंदुरात मराठी माणसाची वस्तू बिघडली, तर आधी त्याचं कूळ ठरतं, मग दुरुस्ती. डिस्क टिक-टिक करतेच आहे. शेवटी माझ्या आत्तेसासूबाईंपाशी धागा जुळला, आणि काकांनी हक्कानं हात पुढे केला.

“द्या इकडे. काय होऊन राहिलं ते बघू.”

पोरगा “अरे काका” म्हणेपर्यंत त्यांनी डिस्क उचलली होती. केबल दीड वीत. त्यामुळे काकांना कमरेत वाकून, अर्धं अंग काउंटरवर टाकून, डिस्क कानाला लावावी लागली. डोळे मिटले. दुसऱ्या हाताची बोटं काचेवर आपोआप ठेका धरायला लागली.

“सात,” ते म्हणाले.

“काय?”

“सात मात्रा आहेत. रूपक ताल. रूपकात सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या मात्रेवर येते, म्हणून हिला सापडून नाही राहिली. पुन्हा पुन्हा तिथेच येतेय बिचारी.”

मला हसू आलं आणि रागही आला. रागाचं कारण असं, की घरी येऊन वाचलं तर निदान अगदी चूक नव्हतं. डोकं तबकडीवरची आपली जागा शोधतं, सापडत नाही, मागे येतं, पुन्हा शोधतं, आणि त्याच येरझारांचा तो आवाज असतो.

निदानानंतर उपचार. “प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा.” पोरगा ओरडला, “काका, पानी जम जाएगा अंदर!” मग उलटी करून पाहा. मग मागून एक हलकी टपली. माऊसवाले आता चांगलेच रमले होते, त्यांच्यातला एक म्हणाला, “भिया, चावल के डिब्बे में रख दो.” मोबाईल भिजला तर ठेवतात तसं. भिजलेलं इथे काहीही नव्हतं, माझ्या कपाळाखेरीज.

आणि मग काकांनी ते विचारलंच. “मिस्टर नाही आले सोबत? त्यांना आणायचं होतं.”

आमचे मिस्टर पेन ड्राइव्हला अजून ‘ती पिन’ म्हणतात. गेली कित्येक वर्षं घरातली डिस्क मी घेते, मी लावते, मी काढते, आणि ती मेली की चौकशी मिस्टरांची. हे मी हसत सांगतेय खरी, पण दुकानात मला हसू आलेलं नव्हतं. “त्यांना भाजी घ्यायला पाठवलंय,” एवढंच म्हटलं.

“किती जीबीची?” काकांनी विषय बदलला.

पोरानं सांगितलं, एक टीबी, कॉम्प्युटर दाखवतो 931.

“आणि बाकीचे एकोणसत्तर?”

बनवणारे हजाराच्या हिशेबानं मोजतात आणि विंडोज 1024 च्या, तोच माल पण माप वेगळं, असं पोरानं समजावलं. काका उसळले. “सराफ्यात तोळ्याला असं करून दाखवा! दुकान बंद पाडतील!” गल्ल्यावर बसलेले मालक तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते चष्म्यावरून म्हणाले, “काका, तोला पहले 11.66 ग्राम का था. अब बाजार में दस का है. किसने बंद कराया?”

काका थोडा वेळ गप्प. “ते वेगळं,” म्हणाले. “सराफ्यात रात्री खायला तळलेला गराडू तरी मिळतो.”

पोरानं मला बिल मागितलं. वॉरंटी अजून होती. मी पाकिटातून बिल काढलं: पांढरंशुभ्र. थर्मल कागद, त्यावरची अक्षरं उष्णतेनं उमटतात आणि पुढे आपसूक निघून जातात. मोबाईलवर मात्र मी त्याचा फोटो काढून ठेवलेला होता, तारीख, रक्कम, नंबर, सगळं लख्ख. तो दाखवला.

“कॉपी नहीं चलेगी. ओरिजिनल चाहिए.”

म्हणजे जिथे कॉपी मेली आणि ओरिजिनल धडधाकट आहे तिथे मला विचारतात टेन्शन कशाचं, आणि जिथे ओरिजिनल मेलं आणि कॉपी धडधाकट आहे तिथे कॉपी चालत नाही. मालकांनाच शेवटी दया आली. डिस्कच्या पोटावरचा नंबर कॉम्प्युटरवर घालून त्यांनी वॉरंटी बघितली. “हो जाएगा. पुरानी जमा कर दो, कंपनी से बदल के आ जाएगी.”

“पण हिच्यात आमचं सगळं आहे. पॅन, बँक, घराचे कागद.”

“तो मिटा दो.”

“मिटायला ती चालू व्हायला नको का?”

मालक, पोरगा, काका, सगळे डिस्ककडे बघायला लागले. खरंच की. चालू असती तर पुसून दिली असती. पण चालू असती तर दिलीच कशाला असती? वॉरंटी डिस्कची असते, आतल्या मजकुराची जबाबदारी आमची नाही, हे बारीक अक्षरांत आधीच छापून ठेवलेलं असतं. मग मेलेल्या डिस्कमधल्या माझ्या पॅन कार्डाची जबाबदारी कुणाची, हे कुठल्याच अक्षरांत नाही.

“हातोडा मारा,” काका म्हणाले. “चुरा करा आणि चुरा जमा करा.”

“फिजिकल डैमेज में वारंटी खतम, काका.”

पोरानं मग मला नियम ऐकवला. वस्तूच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, दुसऱ्या गावी असली तर उत्तम. काकांचा चेहरा उजळला. “मग सोपं आहे. मुलगी पुण्यात असेल ना तुमची?” आहे. हे त्यांना कसं कळलं, असं मी विचारलंही नाही. इंदूरच्या मराठी घराची एक प्रत पुण्यात असतेच. तिच्याकडे ठेवायला डिस्क पाठवली, तर तिच्या मॅकवर ती फक्त वाचता येते, लिहिता येत नाही, कारण आमची विंडोजच्या पद्धतीनं तयार केलेली. आणि आमचा टीव्ही ज्या जुन्या पद्धतीची डिस्क ओळखतो, तिच्यावर चार जीबीहून मोठी फाइल ठेवता येत नाही. मामांची एकसष्टी सहा जीबीची आहे. केटररची पाठ कापायची कुठून?

2011 पासून 31 मार्च हा जागतिक बॅकअप दिवस आहे, ही माहितीही पोरानंच पुरवली. मालक मोठ्यांदा हसले. मार्च एंडिंगला! त्या दिवशी या देशात हिशेबाच्या वह्या सोडून कशाची तरी प्रत काढणारा माणूस त्यांना एकदा बघायचा होता.

नवी डिस्क घेतली. काय करणार? वॉरंटीतली वस्तू पर्समध्ये, आणि नव्या वस्तूचे पूर्ण पैसे गल्ल्यात. काकांनी आपल्या ओळखीनं शंभर रुपये कमी करून घेतले आणि ते आत्तेसासूबाईंच्या खात्यावर मांडले. त्यांचं नाट्यसंगीत तोवर भरून झालं होतं. एका फटक्यात, एकदाही न अडकता.

रविवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली. आमचं शहर 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहिलं, त्यामुळे कचरा सहा प्रकारांत वेगळा करण्यात आम्ही आता तरबेज आहोत. ओला, सुका, प्लास्टिक, सगळं आपापल्या खणात गेलं. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा खण मी विचारून घेतला आणि डिस्क पुढे केली. गाडीवरच्या दादानं ती उलटीपालटी करून पाहिली.

“क्या है ये?”

“हार्ड डिस्क. खराब है.”

“अंदर कुछ है?”

“हाँ, फोटो, कागज…”

त्यानं डिस्क माझ्या हातात परत ठेवली. “तो पहले निकाल लो ना, मैडम. फिर दे देना. हम तो रोज आते हैं.”