हस्तर पुराणात नाही, आत्याच्या कोठीतही नाही

आत्या नाशिकला रविवार कारंजाच्या मागच्या जुन्या वाड्यात एकटी राहते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "अरे, कोठीतल्या दोन फरश्या काढल्यात. खाली पोकळ वाजतंय. तू येशील का?" मी पोचलो तेव्हा फरश्या भिंतीला टेकवलेल्या होत्या. एका 'जाणकारा'ने विधीसाठी २१ हजार सांगितले होते आणि त्यातले ११ हजार घेऊनही गेला होता. या सगळ्याच्या मुळाशी एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकलाय, तुमच्याकडेही आला असेल.

मेसेज थोडक्यात असा: 'तुंबाड' हा सिनेमा सत्यघटनेवर आहे. त्यातला हस्तर हा पुराणातला देव, त्याचं नाव मुद्दाम काढून टाकलं. लव्हक्राफ्ट नावाच्या अमेरिकन भयकथालेखकाला हेच ज्ञान एका गुप्त अरबी ग्रंथातून मिळालं. या विषयावर सिनेमा करणाऱ्याला शाप बाधतो. आणि शेवटी, जुन्या वाड्याची कोठी पोकळ वाजत असेल तर खाली हस्तराचं धन आहे, जाणकाराकडून विधी करून घ्या.

शेवटच्या वाक्यानेच आत्याचे पैसे गेले, म्हणून आधी तेच. जुन्या वाड्यांत धान्यासाठी जमिनीखाली पेव असायचं. वर फरशी बसवली की ती पोकळ वाजणारच. आत्याच्या सासूबाई त्या पेवात बाजरी भरायच्या, हे खुद्द आत्यानेच मला लहानपणी सांगितलंय. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या घराची माहितीही आठवत नाही, याचा मला फार राग आला. आत्याचा नाही, घाबरवणाऱ्यांचा. आणि समजा, खरंच नाणी निघाली तरी ती थेट आत्याची किंवा त्या जाणकाराची होत नाहीत. १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा आहे. सापडलेल्या ऐवजाची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय करणी-भानामतीच्या नावाखाली गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड ५ ते ५० हजार. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आता हस्तर पुराणातला देव, हा दावा. अठरा पुराणांपैकी एकातही तो नाही. यावर आमच्याच ग्रुपवर उत्तर आलं, "नाव काढून टाकलं म्हणून तर सापडत नाही!" अहो, ही तर सिनेमातलीच गोष्ट आहे. देवीने आपल्या थोरल्या मुलाला वाचवलं, पण त्याला कुणी पुजणार नाही, तो विसरला जाईल या अटीवर, असं कथेत सांगितलंय. कथेतली अटच तुम्ही कथेबाहेरचा पुरावा म्हणून दाखवताय. मग कुठलंही नाव घ्या, ते पोथीत नाही हाच त्याच्या खरेपणाचा दाखला ठरेल.

खोट्याला खऱ्याचा आव आणण्याची ही युक्ती लव्हक्राफ्टने शंभर वर्षांपूर्वी फार मेहनतीने घडवली होती. 'द कॉल ऑफ कथुल्हू' त्याने १९२६ मध्ये लिहिली. तिच्यात फ्रेझरच्या 'गोल्डन बाऊ'सारखी खरी पुस्तकं येतात आणि त्याच कथेत 'नेक्रोनॉमिकॉन' हे त्या गुप्त अरबी ग्रंथाचं मनाने रचलेलं नावही येतं. खऱ्याच्या शेजारी बसलेलं खोटं वाचकाला खरं वाटतं. पण त्याने हे लपवलं नाही. कुणी विचारलं की तो पत्रातून सरळ कळवायचा, हा ग्रंथ आणि त्याचा कर्ता अब्दुल अल्हाझ्रेद दोन्ही मी कल्पिलेत. अल्हाझ्रेद हे तर त्याचं पाचव्या वर्षी 'अरेबियन नाइट्स' वाचून खेळात घेतलेलं नाव. अरबी व्याकरणातही ते बसत नाही. खुद्द लेखक नाही म्हणतोय, आणखी कुणाची साक्ष हवी? त्या नावाचं पुस्तक दुकानात मिळतं, हे खरं आहे, मान्य करतो. पण ते १९७७ चं, म्हणजे लव्हक्राफ्ट वारल्यानंतर चाळीस वर्षांनी छापलेलं.

'तुंबाड' सत्यघटना? तुंबाड गाव खरं आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात. एवढंच. चित्रपटाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलं, पण त्या कादंबरीत ही कथा नाही. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी मुलाखतीत सांगितलंय की १९९३ मध्ये नागझिराच्या जंगलात एका मित्राने त्यांना भयकथाकार नारायण धारपांची कथा ऐकवली. त्या भीतीतून हे सुरू झालं. पुढे त्यांनी सुमारे ७०० पानांचा स्टोरीबोर्ड केला. साखळदंडातली आजी धारपांच्या 'आजी'वरून आली आणि त्या कथेमागे स्टीफन किंगची 'ग्रॅमा' आहे. एवढी वंशावळ हाताशी असताना 'सत्यघटना' म्हणणं हा धारपांवर अन्याय आहे. मी सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, त्यांची पुस्तकं आणून रात्री दिवा चालू ठेवून झोपलेला मुलगा आहे. ती भीती एका माणसाने टेबलाशी बसून, शब्द निवडून तयार केली होती. ती कुठल्या पिशाच्चाच्या खात्यावर जमा करू नका.

शापाचं तर बोलायलाच नको. 'तुंबाड'ला सहा वर्षं लागली, कारण २०१२ चं चित्रण पसंत पडलं नाही म्हणून पुन्हा केलं, आणि खऱ्या पावसासाठी पावसाळ्यांची वाट पाहिली. दिग्दर्शक गिएर्मो देल तोरोचा लव्हक्राफ्टच्या कथेवरचा 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' २०११ मध्ये अडला तो पैशांवरून. सुमारे १५ कोटी डॉलरचा खर्च, आणि तोही फक्त प्रौढांसाठीच्या चित्रपटावर. स्टुडिओने नको म्हटलं. 'कथुल्हू'वर २००५ मध्ये हौशी मंडळींनी कमी पैशात छान मूकपट काढला. लव्हक्राफ्टच्याच 'द कलर आऊट ऑफ स्पेस'वर जर्मनीत २०१० मध्ये कृष्णधवल चित्रपट झाला. त्यात रंग दिसतो तो फक्त त्या परक्या वस्तूचा. वर्णनापलीकडचा रंग पडद्यावर दाखवायचा कसा, यावर इतकं सुंदर उत्तर मी दुसरं पाहिलं नाही. फाळके आपल्या त्र्यंबकचे. पडद्यावर अद्भुत उभं करायला कॅमेरा आणि डोकं लागतं, हे नाशिककरांना तरी कुणी शिकवायला नको.

काल आत्याला घेऊन पोलीस ठाण्यात अर्ज दिला. ११ हजार परत मागितलेत. मेसेज टाकणाऱ्या तिघांपैकी एकाने तो काढलाय. उरलेल्या दोघांना मी फोन केलाय आणि आज संध्याकाळी वाड्यावर बोलावलंय. फरश्या त्यांनीच परत बसवायच्या आहेत.