बेरेंगुएलाने राज्य ‘सोडलं’ नव्हतं

कॅस्टीलची राणी बेरेंगुएला. स्पेनच्या राजेराण्यांच्या यादीत हिच्या नावापुढे एकच वर्ष असतं: १२१७. त्या उन्हाळ्यात ती राणी झाली आणि तिने लगेच राज्य मुलाला देऊन टाकलं. मग पुढे आईची माया, त्याग वगैरे. हे वाचलं की मला मनापासून वाईट वाटतं. त्यानंतरची २९ वर्षं ही बाई राज्यकारभारात होती, आणि कॅस्टील आणि लेऑन ही दोन राज्यं कायमची एक झाली त्यात तिच्याइतका वाटा दुसऱ्या कुणाचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी नात्यांचा गुंता सोडवून घेऊ. आठवा अल्फोन्सो कॅस्टीलचा राजा, हिचा बाप. नववा अल्फोन्सो शेजारच्या लेऑनचा राजा, हिचा नवरा. हे दोघे सख्खे चुलतभाऊ, म्हणजे हिचं लग्न लागलं ते बापाच्या चुलतभावाशी. सीमेवरच्या किल्ल्यांवरून दोन्ही राज्यांत सतत लढाया व्हायच्या, त्या थांबवायला ११९७ मध्ये वायादोलिदला हे लग्न झालं आणि भांडणातले किल्ले तिच्या नावे झाले. उपाय हुशारीचा होता. पण त्या काळी चर्च सातव्या पिढीपर्यंतचं नातं लग्नाला निषिद्ध मानत असे, आणि इथे तर हिचा पणजोबा तोच नवऱ्याचा आजोबा. पुढच्याच वर्षी पोप झालेल्या तिसऱ्या इनोसंटने हे लग्न मोडायचा आदेश दिला. दोघांनी सहाएक वर्षं तग धरला, पाच मुलं झाली, आणि १२०४ मध्ये ती माहेरी परतली.

लग्न मोडल्यावर किल्ले कुणाचे? मुलगा वारस की अनौरस? यातून पुन्हा युद्ध पेटणार हे उघड होतं. १२०६ मध्ये काब्रेरोसला दोन्ही राजांनी तह केला, किल्ले मुलगा फर्नांदोच्या नावे केले आणि लेऑनच्या गादीवरचा त्याचा हक्क लिहून दिला. हा तह लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या बोलीत, कॅस्टिलियनमध्ये लिहिलाय. या भाषेतला इतका जुना दरबारी तह दुसरा माहीत नाही. भाषेवर प्रेम करणाऱ्या कुणीही यापाशी क्षणभर थांबावं.

ऑक्टोबर १२१४ मध्ये बाप गेला, महिन्याच्या आत आई गेली. गादीवर आला दहा वर्षांचा भाऊ एन्रिके आणि पालकत्व आलं बेरेंगुएलाकडे. सरदारांत लारा घराणं सगळ्यांत जबर. त्यांच्यातल्या आल्व्हारो नुन्येसने पोराचा ताबा मागितला आणि दबावापुढे तिने १२१५ मध्ये तो दिला, पण त्याला शपथ घ्यायला लावून: तिला विचारल्याशिवाय कुणाची जमीन काढायची नाही, कुणाला द्यायची नाही, शेजारच्या राजाशी युद्ध नाही, नवा कर नाही. अटी चोख होत्या. पण राजा आल्व्हारोच्या हातात, आणि शपथ मोडली तर त्याला जाब विचारायला हिच्याकडे ना फौज ना खजिना. त्याने शपथ मोडली. तिच्या आयुष्यातली ही सगळ्यांत मोठी चूक, आणि पुढे ती तिने पुन्हा केली नाही.

१२१७. पलेन्सियाला बिशपच्या वाड्यात पोरं खेळत होती आणि एक कौल एन्रिकेच्या डोक्यावर पडलं. त्याच्या कवटीला वैद्यांनी पाडलेलं छिद्र आजही दिसतं. म्हणजे वाचवायचे प्रयत्न झाले होते. ६ जूनला तो गेला. आल्व्हारोने प्रेत तारिएगोच्या किल्ल्यात नेऊन मृत्यू लपवला, कारण राजा मेला की याची सत्ताही संपली. बेरेंगुएलाला तरी बातमी लागली.

ती आउतिल्योच्या किल्ल्यात, फर्नांदो तोरोला बापाजवळ. नवऱ्याला मृत्यू कळला असता तर त्याने मुलाला सोडलंच नसतं, उलट स्वतःच कॅस्टीलवर हक्क सांगितला असता. म्हणून तिने दोन विश्वासू सरदार तोरोला धाडले. निरोप एवढाच, की मुलाला आईकडे पाठवा. तिथे कुजबूज पोचली होती; सरदारांनी ‘एन्रिके ठणठणीत आहे’ असं तोंडावर सांगितलं आणि मुलाला घेऊन निघाले. आल्व्हारोची समेटाची अट होती, फर्नांदो माझ्या ताब्यात द्या. एक पोर दिल्याचा परिणाम तिने भोगला होता. तिने साफ नकार दिला.

आता तो ‘त्यागा’चा दिवस. जुलैच्या सुरुवातीला वायादोलिदला सभा भरली. गर्दी इतकी, की गावाबाहेर बाजाराच्या मैदानात जावं लागलं. आधी सगळ्यांनी राज्य बेरेंगुएलाचं म्हणून मान्य केलं, आणि मगच तिने ते फर्नांदोला दिलं. हा क्रम नीट बघा. फर्नांदो थेट राजा झाला असता तर तो लेऑनच्या राजाचा मुलगा म्हणून झाला असता, आणि बापाला कॅस्टीलमध्ये पाय टाकायला वाट मिळाली असती. आधी आईच्या नावावर आणि तिच्याकडून मुलाकडे आल्याने राज्याचा उगम तिच्यात राहिला. नवरा चिडून फौज घेऊन बर्गोसच्या दिशेने आलाच, पण हात हलवत परत गेला. आल्व्हारोविरुद्धच्या सैन्याला पैसे द्यायला तिने आपलं सोनं, चांदी, जडजवाहीर मोडलं. सप्टेंबरात तो पकडला गेला आणि सुटकेसाठी त्याला किल्ले सोडावे लागले.

यानंतरची फर्नांदोची फर्मानं उघडली की एक ओळ पुनःपुन्हा भेटते: ‘माझी आई राणी बेरेंगुएला हिच्या संमतीने आणि पसंतीने.’ शोभेची ओळ म्हणून ती सोडून देणाऱ्यांनी १२१९ मधलं लग्न बघावं. मुलासाठी हिने सून आणली ती थेट जर्मनीतून, श्वाबियाची बेआट्रिस. शेजारच्या राजघराण्यांतल्या मुली नात्यात येत होत्या आणि नात्यातलं लग्न काय करून ठेवतं हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक? लग्नाच्या तीन दिवस आधी लास उएल्गास मठात फर्नांदोने वेदीवरची तलवार स्वतः उचलून कमरेला बांधली, कारण राजाला तलवार बांधणारा दुसरा कुणी वरचढ ठरला असता. ती कमरेवरून सोडली मात्र आईने.

सप्टेंबर १२३० मध्ये नववा अल्फोन्सो वारला. काब्रेरोसचा तह बाजूला ठेवून त्याने लेऑन आधीच्या बायकोच्या मुलींना, सांचा आणि दुल्सेला, दिलं होतं. फर्नांदो दक्षिणेत मोहिमेवर होता. बेरेंगुएलाने त्याला घाईने बोलावून घेतलं, पण लढाई होऊ दिली नाही. ती स्वतः मुलींच्या आईला, पोर्तुगालच्या तेरेसाला भेटली. तेरेसाचंही लग्न चर्चने नात्यामुळेच मोडलं होतं. एकाच माणसाच्या, एकाच कारणाने परत पाठवलेल्या दोन बायका समोरासमोर बसल्या आणि त्यांनी एका राज्याचा प्रश्न सोडवला. मुलींनी हक्क सोडायचा, बदल्यात दोघींना मिळून वर्षाला ३०,००० सोन्याची नाणी, तहहयात. ११ डिसेंबरला बेनाव्हेन्तेला करार झाला. लेऑन आणि कॅस्टील त्यानंतर पुन्हा वेगळी झाली नाहीत.

८ नोव्हेंबर १२४६ ला ती गेली. बर्गोसच्या लास उएल्गास मठातच तिला पुरलं आहे. तिच्या शवपेटीतली उशी आजही तिथल्या संग्रहालयात आहे: लाल रेशमावर मधोमध एक वर्तुळ, त्यात समोरासमोर नाचगाण्यात रमलेल्या दोन आकृती आणि भोवती अरबी अक्षरांत विणलेलं ‘ला इलाह इल्लल्लाह’. मुलाने १२३६ मध्ये मुस्लिमांकडून कॉर्दोबा घेतलं, आणि आईच्या डोक्याखाली शेवटी ठेवली गेली ती मुस्लिम विणकरांच्या हातची उशी.