टीआरपी नव्हता तेव्हाही

भाचा एका वृत्तवाहिनीत आहे. चर्चेच्या कार्यक्रमांमधल्या हमरीतुमरीबद्दल काही म्हटलं की उत्तर ठरलेलं : "लोकांना हेच बघायचं असतं, मामा. तू झ्युरिकला बसून बोलणार!"

झ्युरिकचं राहू दे. ऑक्टोबर २०२०मध्ये घोटाळ्याच्या आरोपांनंतर 'बार्क'ने, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेने, बातम्यांच्या चॅनेलांचा टीआरपी देणं थांबवलं, ते मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू केलं. मधल्या काळात कुणी आवाज खाली आणला? पडद्यावरच्या चौकटी तेवढ्याच, सगळी तोंडं एकदम उघडी, आणि त्या सगळ्यांच्या वर सूत्रसंचालकाचा सूर. चॅनेलनिहाय आकडाच नव्हता, मग लोकांना काय हवंय हे यांना सांगितलं कुणी? बातमीदार गावोगाव धाडण्यापेक्षा चार प्रवक्ते व्हिडिओ कॉलवर घेणं स्वस्त पडतं, हे सरळ कबूल करा की. प्रेक्षकांच्या माथी कशाला मारता?

इथे स्वित्झर्लंडमध्ये लोकांना खरोखर विचारलं गेलं. रेडिओ-टीव्हीची सक्तीची फी रद्द करायची का, यावर मार्च २०१८मध्ये मतदान झालं आणि ७१.६ टक्के लोकांनी 'नको' म्हणून सांगितलं. खिशातले फ्रँक वाचत असताना! हे भाच्याला ऐकवताना माझा सूर जरा चढतोच.

त्याला २००९ ठाऊक नाही हे माझं नशीब. मिनार बांधायला बंदी घालणारं मतदान याच देशात झालं. पोस्टरवर स्विस झेंड्यातून क्षेपणास्त्रांसारखे वर आलेले काळे मिनार आणि शेजारी बुरख्यातली बाई. ५७.५ टक्क्यांनी प्रस्ताव मंजूर. मतदानाआधी सरकार पाठवतं ती, दोन्ही बाजू छापलेली लाल पुस्तिका तेव्हाही घरोघर पोचली होती.

ती पुस्तिका माझ्या नावाने येत नाही. सी परमिटवर, म्हणजे परदेशी माणसाच्या कायम वास्तव्याच्या परवान्यावर, देशपातळीचं मत नसतं. शुक्रवारी रात्री 'अरेना' हा स्विस टीव्हीवरचा चर्चेचा कार्यक्रम लावतो, चर्चा मुद्द्याला धरून चाललीय एवढं जाणवतं. पण ती सगळी स्विस बोलीत. मी शिकलो पुस्तकी जर्मन, त्यामुळे नेमकी कोपरखळी निसटते आणि प्रेक्षक हसले की मी उगाच हसतो.

मराठी चॅनेलवर चौघं एकदम ओरडत असले तरी कोण कुणाला टोमणा हाणतोय, कोण विषयाला बगल देतोय, सगळं कळतं. तिकडचा नऊचा कार्यक्रम उन्हाळ्यात इथे साडेपाचला लागतो, म्हणून ट्रॅममध्ये बसल्या बसल्या हेडफोन लावतो. मधेच जाहिरात आली की वैताग येतो. आत्ता कुठे तो प्रवक्ता कात्रीत सापडला होता.